हसून दाखवा, मग मिशी

हसा बघू. नाही, असं नाही. हे तुम्ही फोटोला हसलात. वरचा ओठ नाकाकडे चढला पाहिजे, गाल दुखले पाहिजेत, शेजारी बसलेल्या माणसाने मान वळवून पाहिलं पाहिजे. तसं हसा.

जमलं नाही ना? जमत नाही. गेली तीस वर्षं आम्ही अनोळखी माणसांना हे वाक्य म्हणतो आहोत आणि दहातल्या आठांना जमत नाही, हा माझा अनुभव आहे. मी वेडा नाही आणि हास्यक्लबही चालवत नाही. मी मिश्या विकतो. दाढ्या, कल्ले आणि टोपही विकतो, पण जीव मिशीत आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काळे केस घेतले, डिंक फासला, झाली मिशी. तसल्या मिश्या जत्रेत मिळतात. त्या लावलेला माणूस सरदार दिसत नाही, ओठावर झुरळ बसलेला माणूस दिसतो. खरी मिशी विणावी लागते. कातडीच्या रंगाची बारीक जाळी घ्यायची आणि आकड्याच्या सुईने एकेका भोकातून केस ओढून गाठ मारायची. हवालदाराच्या मिशीला एक दिवस जातो, सरदाराच्या मिशीला दोन. खलनायकाचं मी सांगत नाही, कारण प्रत्येक खलनायकाला दुसऱ्या खलनायकापेक्षा मोठी मिशी हवी असते. मग ती खास गमने ओठावर बसवायची. चांगली बसवलेली मिशी घाम सोसते, स्टेजवरची मारामारी सोसते. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे खरं हसणं. खरं हसताना वरचा ओठ ताणला जातो, आणि मिशी मापाची नसेल तर कडेने सुटते.

हा शोध माझा नाही, तातूचा. तातू आमचा कारागीर. वडिलांनी त्याला कुडाळकडच्या गावाहून आणला तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. त्यामुळे तो माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा असूनही मी त्याला 'अरे तातू' म्हणायचो, आणि वडील गेल्यावर तो मला 'शेट' म्हणायला लागला. त्या शेटमध्ये मान किती आणि टोमणा किती, हे मला कधीच कळलं नाही.

काळाचौकीच्या एका चाळीत तळमजल्याला आमची दहा बाय बाराची खोली आहे. भिंतीशी लाकडी डोक्यांची रांग, खिडकीशी तातू, दाराशी मी. गिऱ्हाईक आलं की तातू गळ्यातला पांढरा दोरा काढायचा, नाकाखालच्या खळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यायचा, जुळणारी मिशी लावायचा आणि म्हणायचा, "वाक्य बोला." गिऱ्हाईक आपल्या भूमिकेतलं एखादं वाक्य बोलायचं. मग, "हसून दाखवा." ही परीक्षा झाल्याशिवाय आमच्या दुकानातून मिशी बाहेर जायची नाही. कुणी खोटं खोटं हसलं, तर तातू सुई खाली ठेवायचा. "ह्या हसणा नाय. वरचो ओठ जाग्यारच आसा." मग तो स्वतः एखादी गोष्ट सांगून त्याला हसवायचा. गोष्टींना तोटा नव्हता. गावच्या दशावतारात रावणाला ऐन प्रवेशात लागलेली उचकी, मुंडावळ्या बांधून स्टेजवर झोपलेली सीता, असलं काहीबाही. गिऱ्हाईक नसलं तर त्या गोष्टी मला सांगायचा. मीही नसलो तर, मला दाट संशय आहे, लाकडी डोक्यांना.

तातूची मिशी कधी परत यायची नाही. एवढा एकच त्याचा गर्व.

पण पुढे गिऱ्हाईकच यायचं थांबलं. गिरण्यांबरोबर कामगारांची नाटकं गेली. गणपतीत मंडळाच्या मांडवात पोरं नाटक बसवायची, तिथे आता भिंतीएवढे स्पीकर आले. गिरगावातून, दादरहून, शीवहून लोक यायचे ते एकेक करत कमी झाले. आठवडाभर दार उघडं आणि उंबऱ्यावर फक्त चाळीतली मांजर. तिला मिशी होतीच.

एका दुपारी मी म्हटलं, "तातू, सहा महिने बघू. नाहीतर शटर ओढू."

त्याची सुई थांबली. "आणि मगे बसाचा खंय?"

"घरी."

"घराक कोण बसता, शेट? घरात लोक ऱ्हवतत."

मी एकटा राहणारा माणूस, लग्न केलं नाही. तातूचं बिऱ्हाड मुलाकडे, तिथे त्याच्या वाट्याला एक कोपरा. त्याला बसायला आणि बोलायला ही एक खोली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. ती वाचवायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दोघांनी बसायचं, त्याने बोलायचं, मी ऐकायचं.

माझी भाची मनाली लोअर परळला जाहिरातींच्या कचेरीत काम करते. तिच्यापुढे रडगाणं गायलो. ती म्हणाली, "मामा, तू रोज दहा गोष्टी थोड्या थोड्या करतोस, म्हणून एकही होत नाही. मला चाळीस दिवस दे. चाळीस दिवस ऑनलाइन दुकान आणि फक्त ऑनलाइन दुकान. रोज एक व्हिडिओ, रोज वीस नाट्यमंडळांना निरोप, आलेल्या प्रत्येक प्रश्नाला तासाभरात उत्तर. लग्नं बंद, मयत बंद, नाक्यावरचा चहा बंद."

"मयत कशी बंद करू?"

"तुझी सोडून सगळ्यांची."

पोरगी माझ्यावर गेली आहे.

तिने दुकानाचं संकेतस्थळ केलं, फोनचा स्टँड आणला, चक्रासारखा गोल दिवा आणला. आणि मी, काय सांगू, सुटलो! लहानपणापासून दुसऱ्यांना मिश्या लावून स्टेजवर ढकलत आलो होतो. आता स्टेज माझं. पहिल्या दिवशी भुवया उडवत, हात फिरवत 'मिशी कशी ओळखावी' यावर बोललो आणि अभिमानाने मनालीला पाठवलं.

तिचा फोन आला. "मामा, तू भारी बोलतोस. पण मागे कोण बोलतंय?"

"तातू."

"काय बोलतोय?"

"मारुतीची शेपटी सायकलच्या चाकात अडकली होती, ती गोष्ट."

"मामा, आवाज स्वच्छ पाहिजे. लोक दोन सेकंदांत पुढे सरकतात."

मी तातूकडे वळलो. तो गोष्टीच्या मध्यावर होता. म्हटलं, "तातू, चाळीस दिवस जरा गप्प बसशील? दुकानासाठी."

"चाळीस?" त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "आणि खोकलो इलो तर?"

"बाहेर जाऊन खोक."

"बरा," तो म्हणाला, आणि मारुतीची शेपटी चाकातच राहिली.

माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून तोंडातून अक्षर नाही. खोकला आला की चप्पल घालून पॅसेजमध्ये जायचा, खोकायचा, परत येऊन बसायचा. व्हिडिओ चालू नसला तरी मी फोनवर निरोप धाडत असायचो, म्हणून तो तेव्हाही गप्पच. मध्येच त्याचा चेहरा एकदम उजळायचा, काहीतरी आठवायचं, ओठ उघडायचे, मग माझ्याकडे पाहून तो ते मिटायचा. आणि गळ्यातल्या दोऱ्याला एक गाठ मारायचा.

मला वाटलं, दिवस मोजतो आहे. एकदा मी चिडून म्हटलंही, "तातू, मापाचा दोरा खराब केलास." दुसऱ्या दिवशी तो मापाला नवीन दोरा घेऊन आला. गाठींचा मात्र गळ्यात राहिला.

इकडे धंदा पेटला. सतराव्या दिवशी मी आमच्या पाण्याच्या माठाला सरदाराची मिशी लावली आणि त्याच्याशी दरबारी भाषेत संवाद केला. माठ उत्तम नट निघाला, मध्येच संवाद विसरला नाही. तो व्हिडिओ कुठून कुठे गेला मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी फोन इतका थरथरला की स्टँडवरून खाली पडला. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांकडून ऑर्डरी आल्या, कोल्हापूरच्या मिरवणुकीसाठी आल्या, शाळांच्या गॅदरिंगसाठी आल्या. मी ओरडलो, "तातू, वाचलो रे!" त्याने दोन्ही हात वर केले आणि आवाज न करता नाचला. खरंच नाचला. खोकला येऊ नये म्हणून तोंडावर हात ठेवून.

मग पार्सलं परत यायला लागली.

झाडीपट्टीतल्या एका खलनायकाचा मोठा निरोप आला, रडव्या आवाजात. दुसऱ्या अंकात तो नायिकेला पाहून गडगडाटी हसला आणि मिशी सुटून तिच्या पदरात पडली. तिने ती उचलून अदबीने परत दिली. प्रेक्षकांनी वन्स मोअर घेतला. "शेठजी, मले उद्यापासून कोणी भीत नाई ना जी!" तो म्हणाला.

चूक माझी होती. घाईत मी परीक्षा सोडून दिली होती. ऑनलाइन गिऱ्हाईक कसं हसणार, असं मला वाटलं होतं. मी कपाळाला हात लावून बसलो तेव्हा तातू उठला, त्याने माझा फोन उचलला, माझ्या तोंडासमोर धरला आणि स्वतःचे गाल दोन बोटांनी वर ओढून दाखवले. एवढी मोठी कल्पना त्याने दिली, तीही मुक्याने.

तेव्हापासून आमचा नियम झाला. ऑर्डर देताना कुठल्या भूमिकेसाठी हवी ते लिहायचं. मग मी व्हिडिओ कॉल करणार. गिऱ्हाइकाने ओठाला दोरा लावून माप दाखवायचं, एक वाक्य बोलायचं आणि हसायचं. लागलं तर मी हसवणार, त्यासाठी मीही एक नमुन्याची मिशी लावून बसणार. मग पार्सल. मिशी नीट बसली नाही तर ती परत घेऊ, पण पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. मनाली म्हणाली, असं जगात कोणी करत नाही. म्हणूनच लोक आले. चाळिसाव्या दिवशी माझ्याकडे सहा आठवडे पुरेल एवढं काम होतं.

आणि एकेचाळिसावा दिवस उजाडला.

तातू त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसांना तेल. हातात कागदात बांधलेली कांदाभजी, दोघांसाठी. तो खिडकीशी बसला नाही, सरळ माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, गळ्यातला गाठींचा दोरा काढून मांडीवर ठेवला, पहिली गाठ चिमटीत धरली आणि म्हणाला, "तर शेट, तो मारुती..."

मी बोट वर केलं.

माझा कॉल चालू होता. कानात यंत्र होतं, समोर नांदेडचा एक मास्तर वाक्य बोलत होता. मी बोट वर केलं, एवढंच. एक मिनिट, अशा अर्थाने. मास्तर संपल्यावर दुसरा आला. मग तिसरा. दीडेक तासाने मी यंत्र काढून म्हटलं, "तातू, अजून चाळीस दिवस कळ काढ रे. आत्ता थांबलो तर सगळं जाईल."

तो हसला. वरचा ओठ जागच्या जागी होता. हे मला आत्ता लिहिताना दिसतं आहे, तेव्हा दिसलं नाही. भजी थंड झाली होती. त्याच्या वाट्याची त्याने मांजरीला घातली.

त्यानंतर पंधरा दिवस तो आला. मग म्हणाला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, गाठ दिसत नाही. मी ऑपरेशनचं बोललो. तो म्हणाला, "नको. गावाक जातंय. थंय माझो भाव आसा." मी अडवलं का? मी म्हटलं, "आधी चाळीतल्या वहिनींना विणकाम शिकवून जा." हे माझे शब्द. त्याने आठ दिवसांत दोघींना उत्तम तयार केलं, न बोलता, हाताला हात लावून.

आज धंदा छान चालला आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'यशस्वी उद्योजक' म्हणून लिहायला सांगितलं आहे, तेव्हा यश सांगतो. वहिनी आपापल्या घरी बसून मिश्या विणतात आणि डब्यातून पाठवतात. पार्सलवाला दारातून नेतो. गिऱ्हाईक फोनमध्ये येतं आणि फोनमध्येच जातं. दिवसभरात माझ्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लागत नाही. मनाली म्हणते, "मामा, तुझ्याकडचा आवाज आता काय स्वच्छ येतो!" येणारच. आवाज करायला आहे कोण?

दुपारी तीन वाजता पॅसेजमधून कोणी गेलं, तर त्याला दिसतं की एक पन्नाशी ओलांडलेला माणूस मिशी लावून एकटा बसला आहे आणि भिंतीकडे बघून मोठमोठ्याने हसतो आहे. मग थांबतो. फोन बदलतो. परत हसतो. चाळीतल्या बायका मुलांना आत बोलावतात, हे मला माहीत आहे.

माणसं मात्र भेटतात एकेक. साताऱ्याकडचा एक नवरदेव, मिशी कोरताना हात घसरला आणि अर्धी उडाली, लग्न चार दिवसांवर. मुलीने त्याला बिनमिशीचा पाहिलेलाच नव्हता. मी म्हटलं, हसून दाखवा. तो म्हणाला, "आत्ता?" आणि रडायलाच लागला. अर्धा तास मी त्याला हसवत होतो. लग्न लागलं, मिशी टिकली, आणि पहिल्या रात्री त्यानेच ती काढून तिच्या हातावर ठेवली. फोटो पाठवलाय दोघांनी. त्यात तिने मिशी लावली आहे.

हे मी कुणाला सांगू? लाकडी डोक्यांना सांगितलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिच्याकडे पाहत नव्हतो. मी लावतो ती नमुन्याची मिशी जुनी, कडेने ढिली. दिवसाला वीस-वीस माणसांसमोर मी गडगडाटी हसायचो आणि ती कधी सुटली नाही. लोक म्हणायचे, काय पक्की मिशी आहे! मी म्हणायचो, आमचा मालच तसा.

गेल्या मे महिन्यात एक ऑर्डर आली. पांढरी मिशी, एक नग. गाव कुडाळकडचं. भूमिकेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'म्हातारो. गप बसणारो.'

मी ते तीनदा वाचलं. मग नियमाप्रमाणे कॉल लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पडद्यावर माडाची सावली, मग कपाळ, मग जवळ जवळ येणारं नाक, आणि शेवटी तातू. डोळ्यांना काळा चष्मा, ऑपरेशन झालेलं दिसत होतं.

"कसली भूमिका रे?" मी विचारलं.

"जत्रेक दशावतार आसा. पोरांनी माका म्हातारो केलो. मेकअपचो खर्च नको म्हणान."

"वाक्य बोल."

त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "बोललंय तर चलात मां, शेट? आवाज जाता की काय तुझ्या फोनात?"

मी मान डोलावली. बोलायला गेलो असतो तर आवाज स्वच्छ आला नसता.

त्याने शर्टाच्या आतून दोरा काढला. गाठींचा. पहिली गाठ चिमटीत धरली. "तर तो मारुती," तो म्हणाला, आणि सुरू झाला. शेपटी चाकात, सायकल उतारावर, पुढच्या दांडीवर राम बसलेला, आणि ती सायकल ज्याच्या घरात शिरली त्याच्याकडे नेमका सत्यनारायण. मी तुम्हाला पूर्ण सांगत नाही. ती मला सांगितलेली गोष्ट आहे. एवढंच सांगतो की सत्यनारायणाच्या ठिकाणी माझी मिशी सुटली. एका बाजूने आधी, मग सगळीच, आणि पडली ती थेट चहात.

"हां," तातू म्हणाला. "आता हसलंस."

मी चहातून मिशी काढली. ती पिळत, तिच्याकडेच बघत म्हटलं, "ये ना परत. खिडकी तशीच आहे."

"नाय रे शेट," तो मायेने म्हणाला. "हयसर मी बोलतंय तेवा लोक थांबतत. परत थंय येवन गप बसूचा, ह्या वयाक जमाचा नाय."

त्याने नखाने ती गाठ सोडवली. दोरा पडद्यासमोर धरला. अजून पुष्कळ गाठी होत्या. मग त्याने ओठाला दुसरा दोरा लावून नीट माप दाखवलं, मला ते पाठच होतं, तो हसला, वरचा ओठ चढला, परीक्षेत पास झाला, आणि कोणीतरी जेवायला हाक मारली म्हणून गेला.

ती पांढरी मिशी मी वहिनींना दिली नाही. स्वतः बसलो, खिडकीशी, त्याच्या जागेवर. बऱ्याच वर्षांनी सुई धरली होती, तीन दिवस लागले. काम वाईट झालं नाही. पण दोन्ही बाजूंनी ती मी जवभर मोठी केली. हसल्यावर कडेने सुटणार, नक्की सुटणार. आमच्या दुकानातून आजवर मुद्दाम चुकीची गेलेली ही एकच मिशी.

जत्रा व्हायची आहे अजून. तो ती लावून बघेल, हसेल, आणि दोन शिव्या घालून पार्सल परत पाठवेल. परत आलेल्या मिशीची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. नियम म्हणजे नियम.